दवाखान्यात भाषा अडते तेव्हा
१९८० साली अमेरिकेत फ्लोरिडात क्युबन घरातल्या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात नेलं. घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ म्हटलं, म्हणजे खाण्यातून काही बाधलं. डॉक्टरांनी नशा समजून उपचार केले. होता मेंदूत रक्तस्राव. हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाष्या बोलावलाच नव्हता.

२०१७ च्या हार्वर्ड-एनपीआर पाहणीत २० टक्के लॅटिनोंनी डॉक्टरकडे भेदभाव झाल्याचं सांगितलं. १७ टक्क्यांनी त्या धास्तीनं उपचारच टाळले. आम्हाला हा दुसरा आकडा जास्त गंभीर वाटतो. तक्रार करणारा निदान कागदावर येतो, घरी बसलेला कुठेच नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला भाषेची सोय करावी लागते. तरी कित्येकदा आईचं दुखणं शाळकरी मुलगीच डॉक्टरला सांगते, आणि काही गोष्टी आई तिच्यासमोर बोलतच नाही.