आखाजीच्या आधी एक सुई



आज जरा लांबण लावतो, पण विषय प्रत्येकाच्या घरातला आहे. कोविडच्या सुया घेऊन आपण मोकळे झालो. दोन डोस झाले, काहींचा तिसराही झाला, सर्टिफिकेट मोबाईलमध्ये कुठेतरी पडून आहे. आता कोणी लसीचं नाव काढलं की "आता कशाला?" हेच उत्तर. मला हे पटत नाही. लस फक्त लेकरांची नसते, मोठ्या माणसांनीही ती घ्यायची असते, ही एक चांगली सवय कोविडने आपल्याला लावली. ती सोडू नका. घरात साठीपुढचं कोणी असेल, शुगर-बीपीवालं, दमेकरी किंवा गरोदर सून-लेक असेल, तर फ्लूची लस दरवर्षी घ्या. आणि सरकारने ती फुकट द्यावी, ही मागणी आपण सुरतेकडच्या खान्देशी माणसांनी लावून धरावी.

आपल्या लोकांना साथ म्हणजे काय ते शिकवायला नको. सप्टेंबर 1994 च्या सुरतच्या प्लेगला मी शाळेत होतो. उधन्याहून जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसं लटकलेली. ताप्ती लाइनवर आपलं चलथाण लागतं, त्यामुळे ती गर्दी डोळ्याने पाहिली. आम्हीही गावी गेलो, तर सुरतेहून आले म्हणून दोन दिवस ओट्यावरच बिछाना. तेव्हा हाती होत्या फक्त टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, त्याही मिळतील त्याला. मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस बनवून 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. बरोबर 125 वर्षांनी, 10 जानेवारी 2022 ला, आपल्याकडे कोविडचा तिसरा डोस, प्रिकॉशन डोस, सुरू झाला. योगायोगच, पण लस ही काही काल-परवाची नवलाई नाही, एवढं त्यातून लक्षात यावं.

आता 2021 आठवा. 16 जानेवारीला दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, 1 मार्चला साठीपुढच्यांचा नंबर लागला. आमची माय तेव्हा सत्तरीची, शुगर पंधरा वर्षांपासून. ती म्हणे, "माले काय व्हयनं शे? कसाले टोचू?" शेजारच्या गुजराती मासी रोज विचारायच्या, "बेन, रसी लीधी?" शेवटी मासीच तिला हाताला धरून घेऊन गेल्या. डॉक्टरांचं नाही ऐकलं, पेपरचं नाही ऐकलं, मासीचं ऐकलं. बहुतेक घरांत असंच झालं असेल. माणूस ओळखीच्या माणसाचं ऐकतो.

पण सगळ्यांचं इतकं सोपं नव्हतं. कोविन आधी इंग्रजीत. हिंदी आणि बाकीच्या भाषा आल्या जून 2021 मध्ये. तोवर आपल्या गल्लीतला कॉलेजचा एक पोरगा रात्री जागून सगळ्यांचे स्लॉट लावायचा. मे महिन्यात कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं. शास्त्राला धरून असेल, पण कोयता घेऊन डांग, नंदुरबार, धुळ्याहून ऊसतोडीला येणाऱ्या माणसाचं काय? त्याचा पहिला डोस इथे पडावावर, दुसऱ्याची तारीख येईपर्यंत तो मुकादमासोबत गावी परतलेला. नोंद देशभर एकच होती म्हणून दुसरा डोस गावी घेता यायचा, हे मोठं काम झालं. पण गावी दुसऱ्याचा मोबाईल नंबर दिला की दुसऱ्या डोसची नोंद पुन्हा पहिला म्हणून. असे हेलपाटे घालणारे आपल्यात थोडे नाहीत.

आणि मजुरी? आमच्या चाळीत लूमवर काम करणारे एक दादा होते. डोस घेतला, रात्री अंग तापलं, दुसऱ्या दिवशी खाडा. खाड्याचे पैसे कापले गेले. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी हेच झालं. लस फुकट होती, पण दादांना ती एका दिवसाच्या रोजाला पडली. "लोक अडाणी आहेत, घाबरतात" असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दिसत नाही. पुष्कळ लोक भीतीने नाही, खाड्यामुळे मागे राहिले.

हाच हिशेब फ्लूच्या लसीला जास्त लागू आहे, कारण ती फुकटही नाही. खाजगी दवाखान्यात कंपनीनुसार साधारण दीड-दोन हजार रुपये. घरात दोन म्हातारी माणसं असतील तर तीन-चार हजार, तेही दरवर्षी. सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात फ्लूची लस नाही. महाराष्ट्रात मात्र 2015 पासून गरोदर बाया आणि शुगर-बीपीवाल्यांना ती सरकारी दवाखान्यातून फुकट द्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षी इकडे गुजरातमध्ये स्वाइन फ्लूने शेकडो माणसं गेली होती. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात गेला, त्यामुळे महाराष्ट्राने आधीच धडा घेतला असेल. पण आजार काही नवापूरची हद्द बघून थांबत नाही. तीच शुगर, तेच वय, मग नवापूरच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा का? इंग्लंडमध्ये 65 च्या वरच्यांना फ्लूची लस दरवर्षी फुकट मिळते. आपल्याला सगळ्यांसाठी नको, निदान जोखमीच्या माणसांसाठी तरी द्या.

आता नेहमीचे आक्षेप.

"दरवर्षी का?" कारण फ्लूचा विषाणू सारखं रूप बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते सांगते. शिवाय लसीचा जोरही काही महिन्यांत ओसरतो.

"लस घेऊनही सर्दी झाली." होऊ शकते. सर्दी आणणारे विषाणू पुष्कळ आहेत, लस फक्त फ्लूची. आणि फ्लू झाला तरी तो छातीत उतरून दवाखान्यात भरती होण्याची पाळी कमी यावी, हे तिचं खरं काम.

"लसीने हार्ट अटॅक येतात." हे व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त फिरतं. आयसीएमआरने 18 ते 45 वयाच्या, अचानक दगावलेल्या माणसांचा अभ्यास केला, तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडच्या लसीमुळे अशा मृत्यूची जोखीम वाढल्याचं त्यात आढळलं नाही. मात्र कोविशील्डसारख्या लसीने अतिशय विरळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हेही खरं आहे आणि मूळ कंपनीने ते मान्य केलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांगाव्या. लपवलं की अफवेला जोर येतो.

कोविडच्या दरवर्षीच्या डोसची मोहीम आता आपल्याकडे नाही. 2025 च्या मे-जूनमध्ये आकडे पुन्हा थोडे वर गेले, मग खाली आले. ज्यांना मोठा आजार आहे त्यांनी कोविडच्या डोसचं आपल्या डॉक्टरांना विचारावं, मी त्यावर जास्त बोलत नाही. फ्लूचं मात्र ठाम सांगतो. आमच्या मायने गेली तीन वर्षं घेतली. दंड एक दिवस दुखतो, तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापायला बसलेली असते.

वेळेचं सांगतो. परदेशातले नातेवाईक ऑक्टोबरमध्ये घेतात, कारण त्यांच्याकडे फ्लू थंडीत येतो. आपल्या भागात तो मुख्यतः पावसाळ्यात जोर धरतो. लसीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे एप्रिल-मे उत्तम. आपल्या भाषेत सांगायचं तर आखाजीच्या आधी. आखाजीला आपण गावी जातोच, गाडी भरून जातो, घरात लेकी-बाळी, म्हातारे-कोतारे सगळे एकत्र येतात. त्याच्या दोन आठवडे आधी सुई घेतली तर गावच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर इथला ताप आपण नेणार नाही. घेताना खोक्यावरचं वर्ष बघा, मागच्या हंगामाचा माल नको. अंगात ताप असेल किंवा आधी कुठल्या लसीची जोरदार रिॲक्शन आली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

माझ्या तीन सूचना. एक, आपल्या सोसायट्यांनी, मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढावे आणि ज्यांना परवडत नाही त्या म्हाताऱ्यांना लस द्यावी. जास्त डोस एकदम घेतले तर डॉक्टरही भाव कमी करतात, विचारून बघा. दोन, कॅम्प रविवारी नको, पाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे ताप आला तरी खाडा पडणार नाही. आपल्यातले जे आज शेठ झालेत त्यांनी आपल्या कारागिरांना एक दिवस भरपगारी द्यावा. तीन, पंचायत, तालुका आणि आमदारांकडे लेखी मागणी: जोखमीच्या माणसांना फ्लूची लस सरकारी दवाखान्यात फुकट, आणि ऊसतोडीच्या पडावावर हंगाम संपायच्या आत.

मागणीचा मसुदा मी मराठीत आणि गुजरातीत लिहायला घेतलाय. ज्यांच्या घरी 2021 चे असे हेलपाटे झाले असतील त्यांनी खाली थोडक्यात लिहा, तारीख आठवत असेल तर तीही. अर्जाला तेच जोडू. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, तुमची मासी बनून विचारा. ऐकतील.