चित्र आहे, पण आवाज?

(बी. ए. भाग २ मधील एका विद्यार्थिनीचे मनोगत)

कोल्हापूरला चित्राचे वेड जुने आहे. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट येथेच तयार केला. पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपटही 'प्रभात'ने कोल्हापुरातच केला आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. बोलपट म्हटला की दिग्दर्शकाचे आणि नटनट्यांचे नाव आपण चटकन सांगतो. आवाज धरून ठेवणाऱ्याची आठवण मात्र फारशी कुणाला होत नाही. आवाजाची ही उपेक्षा आपल्या पिढीनेही चालूच ठेवली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज कॅमेरा कुणाच्या हातात नाही? स्नेहसंमेलन असो, गणपतीची मिरवणूक असो की खासबाग मैदानातील कुस्ती असो, एकाच वेळी शंभर मोबाईल उंचावतात. घरी येऊन पाहावे तर चित्र आरशासारखे स्वच्छ. आणि आवाज? पंख्याची घरघर, शेजाऱ्याची शिट्टी, आणि या साऱ्याखाली कुठेतरी बोलणाऱ्याचे दोन-चार शब्द!

असे का होते? मोबाईलचे भिंग लांबचा चेहरा जवळ ओढू शकते, त्याचा कान मात्र आपण बसलो तिथेच बसलेला असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. आपल्या भोवतीचा गलका तेवढाच राहतो. त्यातून बहुतेक मोबाईल आवाज आपोआप कमी-जास्त करतात. हलगी कडाडली की यंत्र सगळाच आवाज खाली दाबते आणि पाठोपाठ आलेला निवेदकाचा शब्द त्यात बुडून जातो.

यावर उपाय आहे, आणि तो चित्रपटवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. चित्र एका यंत्रावर घ्यायचे, आवाज दुसऱ्या. त्यासाठी तळहातावर मावणारे डिजिटल रेकॉर्डर आता काही हजार रुपयांत मिळतात. झूम, टॅस्कॅम, सोनी अशा कंपन्या ते बनवतात. कॅमेरा मागेच राहू द्यावा. रेकॉर्डर बोलणाऱ्याजवळ न्यावा, नाहीतर साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर काढून त्याला जोडावा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवावी. चित्रात हात भिडतात तो क्षण आणि ध्वनिमुद्रणात टाळी वाजते तो क्षण जुळवला की काम झाले. चित्रपटातील 'क्लॅप' दुसरे काय करतो? कार्यक्रम लांबणारा असेल तर शेवटीही एक टाळी घ्यावी. दोन यंत्रांची घड्याळे तासाभरात किंचित मागेपुढे होतात. आवाजाची पातळी मोठ्यातल्या मोठ्या आवाजालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी, कारण शून्याच्या पलीकडे गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज सहसा सांधता येत नाही. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही मांडणी सोयीची. कानाला हेडफोन लावून आधी ऐकावे, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

कुणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर मी पन्हाळा तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेतून देते. तीन वर्षांपूर्वी तेथे एका वृद्ध शाहिरांनी आपल्या गुरूकडून तोंडी शिकलेला पोवाडा म्हटला. कितीतरी मोबाईलवर तो आहे. त्यांचा फेटा दिसतो, उंचावलेला हात दिसतो, डफ ऐकू येतो. शब्द एकाही मोबाईलवर धड लागत नाहीत. पुढच्या जत्रेला शाहीर राहिले नाहीत. त्यांच्या घरी वही नव्हती. आता तो पोवाडा कुठे शोधायचा?

मित्रहो, ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, त्यांच्या आजोबांचे काहीतरी कागदावर उरते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आमच्याकडे कागदावर सातबारा आणि रेशनकार्ड. बाकी सारे तोंडात. तोंड मिटले की संपले!

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या ओळखीच्या एका दादांकडून मी रेकॉर्डर मागून नेला. पंखा बंद केला, घोंगड्याच्या घडीवर रेकॉर्डर ठेवला आणि आजीला ओव्या म्हणायला सांगितले. "अगं, ते काय गाणं हाय व्हय?" म्हणत तिने तासभर ओव्या म्हटल्या. एका ओवीपाशी मात्र थांबून म्हणाली, "ही नगं ठिवूस. सासूबाई देवाघरी गेल्या, आता कशाला?" ती ओवी मी तिच्यासमोरच पुसून टाकली.

अशा ओव्यांचे मोल जाणणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांतील काही हजार ओव्या बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या सर्वांना ऐकता येतात. कागदावरची ओवी अर्थ सांगते. तिची लय, मधला श्वास आणि जात्याची घरघर फक्त आवाजच सांगतो.

येथे कोल्हापूरच्या दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांची आठवण होते. त्यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही, असे सांगतात. १९४६ साली ते गेले आणि आज त्यांच्याच गावात आपण त्यांचे गाणे ऐकू शकत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली. खाँसाहेबांचा नकार हा त्यांचा अधिकार होता, आणि माझ्या आजीलाही तोच अधिकार आहे. पण नकार देण्यासाठी आधी कुणीतरी विचारावे लागते! आमच्या आयाबायांना, हलगीवाल्यांना, शाहिरांना आजवर विचारले कुणी?

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या महाविद्यालयाने दोन रेकॉर्डर घ्यावेत आणि ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे ओळखपत्रावर ते विद्यार्थ्यांना सुट्टीत द्यावेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर म्हणणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि त्याची संमती नोंदवावी. एक प्रत ग्रंथालयात राहावी, एक त्या घरी जावी. गॅदरिंगमधील भाषणे आणि नाटकेही अशीच जपावीत. यासाठी इमारत नको, अनुदानाची वाट पाहणे नको.

आपल्या वर्गातील कितीतरी जण एस.टी.ने खेड्यापाड्यांतून येतात. प्रत्येकाच्या घरी एखादी आजी, एखादा आजोबा आहेच. ते किती दिवस आहेत, हे मात्र कुणाच्या हाती नाही. येत्या उन्हाळी सुट्टीपूर्वी हे रेकॉर्डर ग्रंथालयात यावेत, एवढीच विनंती.