नवी विंडोज घ्यायची की नाही, हे कोण ठरवणार?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवसापासून मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणं बंद केलं. हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. हुंडा, पोटगी, सात-बारा, रेशन हे सगळं सोडून संगणकाच्या गप्पा! पण हे सगळं ज्या यंत्रात लिहून ठेवलंय त्या यंत्राबद्दलच मी बोलते आहे.

आपल्या कार्यालयात काय काय साठलेलं असतं ते एकदा आठवून पाहा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचा घटना-अहवाल घ्या. त्यात बाईचं नाव, पत्ता, मुलांची नावं, कुणी कधी कशाने मारलं, दागिने कुणाकडे आहेत, सगळं येतं. शिवाय समुपदेशनाच्या नोंदी, वैद्यकीय कागदांचे स्कॅन, बाई सध्या कुणाकडे राहते तो पत्ता. नवरा आणि सासरचे जो पत्ता शोधत फिरत असतात, नेमका तोच. लोखंडी कपाटात होतं तेव्हा या कागदांची किल्ली कुणाकडे असावी यावर आपण बैठकीत तासभर बोलायचो. संगणकात गेल्यावर मात्र ‘ते टेक्निकल आहे’ म्हणून गप्प बसलो.

मुदत संपली म्हणजे नेमकं काय होतं? संगणक बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच सुरू होतो, पत्र टाईप होतं, प्रिंट निघते. म्हणूनच ‘चालतंय ना, मग कशाला?’ असं वाटतं. पण घराचं जसं असतं तसंच हे आहे. घर उभं राहतं, फक्त फुटलेलं कौल बदलायला यापुढे कुणी येणार नाही, आणि आपल्याकडचा पाऊस तर ठाऊकच आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतले लाखो संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या छिद्रातून तो शिरला त्याची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये, तेच छिद्र आणि आणखी काही युक्त्या वापरणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. असे हल्ले माणूस बघून होत नाहीत. उघडं दार दिसलं की आत शिरतात, मग ते बंदर असो की बायकांच्या संघटनेची दोन खोल्यांची कचेरी.

म्हणजे बदल टाळता येणार नाही. हे कबूल केल्यावरही माझा राग मात्र कमी होत नाही. विंडोज १० आली २०१५ साली. तेव्हा कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत ही शेवटची विंडोज असं सांगितलं होतं. २०२१ मध्ये ‘विंडोज ११’ आली, आणि तिच्या अटी अशा की टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप हवी आणि प्रोसेसरही साधारण २०१८ नंतरचा हवा. आमच्या कार्यालयातला मुख्य संगणक २०१६ चा आहे. तो धडधाकट आहे. रोज आठ तास चालतो. पण नव्या विंडोजच्या लेखी तो अपात्र! कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्ये अंदाज बांधला होता की अशा कारणाने जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक निरुपयोगी ठरू शकतात. चालत्या वस्तूला भंगार ठरवण्याची ही सत्ता कुणी कुणाला दिली, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. धरणाच्या आणि कारखान्यांच्या बाबतीत तो आपण विचारतोच.

आणि खर्च? संस्थांनी पैसे भरले तर विंडोज १० च्या दुरुस्त्या आणखी तीन वर्षं मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. दर पहिल्या वर्षी एका संगणकाला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. सावकारी व्याज याहून वेगळं असतं का? घरगुती वापरासाठी स्वस्त किंवा फुकट पर्याय होता, पण तो एकाच वर्षाचा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा. नवा संगणक घ्यायचा तर पैसे कुठून आणायचे? देणगीदारांना शिबिरं हवी असतात, ‘लाभार्थी’ हवे असतात, फोटो हवे असतात. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्या वीस टक्क्यांत कचेरीचं भाडं, वीज, हिशेबनीस, ऑडिट हे सगळं बसवायचं. एखादी संस्था आठ-दहा वर्षं जुन्या यंत्रावर काम करते ती हौसेने नव्हे.

(कितीतरी संस्थांच्या संगणकांवर ‘क्रॅक’ केलेली विंडोज चालते, हेही आपण सगळ्या जाणतो. तिच्याबद्दल वेगळं काय लिहायचं? ती कुणी, कुठून, आत काय घालून आणली हे कुणालाच माहीत नसतं.)

तरीही पैशाहून मोठी अडचण मला वेगळीच वाटते. विंडोज बदलायची म्हणजे संगणक दुकानात द्यायचा. दोन दिवस, कधी चार दिवस. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर संगणक टाकला तर तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. कर्जत, नेरळ, खोपोली इथे तसं नाही. दुकानातला मुलगा कुणाचा तरी दीर असतो, कुणाचा तरी भाचा असतो, आणि त्याच्या हातात दोन दिवस आपली सगळी हार्डडिस्क असते. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक मुलं सज्जनच असतात, ‘बॅकअप घेऊन ठेवलाय ताई’ असं आपुलकीने सांगतात. पण तो बॅकअप दुकानातल्याच संगणकावर राहतो, तो पुसला की नाही हे आपण विचारतो का? ज्या बाईने बंद दाराआड, आवाज खाली करून आपल्याला सांगितलं, तिला हे कळलं तर ती पुन्हा आपल्याकडे येईल?

नवी विंडोज घेतली की हा प्रश्न सुटतो, असंही नाही. तो फक्त दुसरीकडे सरकतो. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती बसवताना कंपनीचं ऑनलाईन खातं मागते. ते खातं कुणाच्या नावाने काढायचं? बहुतेक ठिकाणी जो बसवायला येतो तो स्वतःच्या नाहीतर त्या वेळी समोर असलेल्या कार्यकर्तीच्या मोबाईल नंबरवर काढून देतो. मग डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरमधल्या फाईली कंपनीच्या ‘वनड्राईव्ह’वर जायला लागतात, आणि आपण ‘हो’ कधी म्हटलं ते आठवतही नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत हार्डडिस्क आपोआप सांकेतिक कुलपात बंद होते. ही चांगलीच गोष्ट आहे, संगणक चोरीला गेला तरी चोराला आतलं वाचता येत नाही. पण त्या कुलपाची आणीबाणीची किल्ली त्याच ऑनलाईन खात्यात असते. ती कार्यकर्ती नोकरी सोडून गेली, तिचा नंबर बदलला, आणि संगणकाने एके दिवशी किल्ली मागितली, तर? लोखंडी कपाट निदान कटरने तरी उघडता येतं.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आपल्यालाही लागू होतो आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी सुरू व्हायच्या आहेत. पण मला कायद्याच्या धाकाने बोलायचं नाही. कायदा नसता तरी हे आपलंच काम होतं.

आमच्या बैठकीत काही ज्येष्ठ ताईंनी सरळ सांगितलं, ‘पुन्हा वह्या काढा, एवढी झंझट नको.’ त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, वहीतली माहिती अमेरिकेत जात नाही हे खरंच. पण इथे जून ते सप्टेंबर कागदाला बुरशी येते, वाळवी कपाटाच्या मागून शिरते, आणि २००५ च्या जुलैत उल्हास नदी कुठवर चढली होती ते ज्यांनी पाहिलं त्या विसरलेल्या नाहीत. दुसरं म्हणजे आमच्याकडच्या कातकरी बाया दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्या पावसाच्या तोंडावर परततात. सहा-सात महिन्यांनी ती दारात उभी राहते तेव्हा तिची केस घेतलेली कार्यकर्ती बदललेली असते. अशा वेळी तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं, पुन्हा रडावं, की आपण दोन मिनिटांत तिची नोंद काढावी? मला तर संगणक हवाच आहे.

फक्त तो कसा हवा हे ठरवताना कुणाला विचारलं जातं ते पाहा. सचिव असतात, विश्वस्त असतात, एखाद्या कार्यकर्तीचा संगणकातलं कळणारा मुलगा असतो. जी रोज त्यावर बसते तिला कुणी विचारत नाही. आमच्याकडे नोंदी टाईप करणारी मुलगी आदिवासी वाडीतली आहे, एमएस-सीआयटी केलेली. चर्चा तासभर चालल्यावर तिने एकच विचारलं, ‘ताई, जुन्या फायली उघडतील का?’ बाकी कुणाच्या डोक्यातही हे आलं नव्हतं.

प्रश्न अगदी वर्मी बसणारा होता. आपल्या सगळ्यांच्याच जुन्या नोंदी श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसेल तिथे पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय २००० सालीच मंगल फाँटबरोबर आली होती, पण टायपिंगची सवय, छापखान्याचा आग्रह आणि ‘नंतर बघू’ यामुळे मराठीतल्या संस्था, प्रेस, सरकारी कचेऱ्या सगळ्याच वर्षानुवर्षं जुन्या फाँटला चिकटून राहिल्या. आता यंत्र बदलायची वेळ आल्यावर ते देणं एकदम अंगावर येतं.

माझं मत असं आहे. नवीन संगणक घ्यायची घाई करू नये, पण केसच्या नोंदी असलेला संगणक दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर इंटरनेटला जोडून ठेवू नये. यात तडजोड नाही. जे यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे (कंपनीचा तपासणी-प्रोग्रॅम फुकट मिळतो, तो ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो) त्यावर ती घ्यावी, आणि हिशेब त्याच यंत्रावर ठेवावेत, कारण टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. जे अपात्र आहे त्याला भंगारात न काढता त्यावर लिनक्स बसवावं. हे ऐकून बऱ्याच जणी दचकतात. केरळच्या सरकारी शाळांत दोन लाखांवर संगणक लिनक्सवर चालवले गेले, तिथल्या शिक्षिका त्यावर शिकवतात. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं लिनक्स काढलं आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतो, लिब्रेऑफिसमध्ये पत्रं आणि तक्ते होतात, वर्षाला पैसे नाहीत, खातं नाही. प्रिंटर कधी कधी रुसतो आणि पहिले पंधरा दिवस प्रत्येकजण कुरकुरते, हे मान्य करूनच हात घालावा.

आणि बसवताना संगणक दुकानात जाऊ नये. बसवणाऱ्याला कचेरीत बोलवावं, जास्तीचे पाचशे रुपये द्यावेत, शेजारी आपली कार्यकर्ती बसावी आणि तिने ते शिकून घ्यावं. आधी सगळ्या फाईली बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ती कपाटात ठेवावी. खातं काढावंच लागलं तर संस्थेच्या ईमेलवर काढावं. कुलपाची किल्ली छापून लिफाफ्यात, दोघींच्या सहीनिशी, त्याच लोखंडी कपाटात.

आमच्या २०१६ च्या संगणकाचं असंच करायचं ठरलं आहे. त्याआधी जुन्या फाँटमधल्या नोंदी युनिकोडमध्ये आणायचं काम सुरू झालं. त्यासाठीचे प्रोग्रॅम मिळतात, मात्र इंटरनेटवरच्या फुकट रूपांतर-पानांवर केसचा मजकूर चिकटवू नका, तोही शेवटी परक्याच्या हातीच जातो. रूपांतरात ‘ऱ्य’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं बिघडतात असा आमचा अनुभव आहे. नावात एक अक्षर चुकलं की रेशनकार्डाशी जुळत नाही, आधारशी जुळत नाही, आणि हेलपाटे बाईला पडतात. म्हणून प्रत्येक नाव जुन्या छापील कागदाशी ताडून पाहायचं, एकीने वाचायचं, दुसरीने पडद्यावर बोट ठेवायचं. दिवसाला साधारण चाळीस नोंदी होतात. पावसाळ्यात क्षेत्रभेटी कमी असतात, तेव्हा उरलेलं काम उरकेल असा अंदाज आहे. तोवर जुना संगणक चालू राहील, पण इंटरनेटची वायर काढून.