खाप्याची जीप आणि 2021 चा नियम

1964 साली पाँटिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत 6.4 लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले आणि जीटीओ या नावाने ती बाजारात आणली. अमेरिकेतल्या ‘मसल कार’चे युग तिथून मोजतात. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. आज तिकडे या गाड्या घरच्या गॅरेजात सुट्या करून, वर्षानुवर्षे खपून पुन्हा उभ्या करणारी माणसे असंख्य आहेत. सावनेर तालुक्यात, कन्हानच्या काठी वसलेल्या खाप्यात मस्टँग शोधून सापडणार नाही. त्याचे कारण जीटीओ येण्याच्या सुमारे दहा वर्षे आधी घडून गेले होते.

तोवर अमेरिकी गाड्या आपल्याकडे मुबलक होत्या. फोर्डने 1926 मध्ये आणि जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ उभ्या केल्या. मग 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की जी कंपनी भाग इथेच बनवील तिनेच राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. अमेरिकेत मोठ्या इंजिनांची चढाओढ ऐन भरात होती तेव्हा आपली दारे बंद होती.

या बंद दारांच्या आत एक अमेरिकी गाडी मात्र दीर्घकाळ टिकली, ती जीप. विलीजने युद्धासाठी घडवलेली ही गाडी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि हळूहळू तिचे भाग इथेच बनू लागले. खापा परिसराला हीच गाडी मानवणारी होती. जवळच गुमगावची मॅंगनीजची खाण, भोवती संत्र्याचे बगीचे, पावसाळ्यात चिकणमातीच्या पांदणी आणि भरून वाहणारे नाले; अशा वाटेवर चारही चाकांना ताकद देणारा दांडा ओढल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी ही गाडी आधी गटविकास अधिकाऱ्याची म्हणून पाहिली. सरकारी आणि लष्करी लिलावांतून ती शेतकऱ्यांच्या, कंत्राटदारांच्या अंगणात आली आणि तिथेच तिची दुरुस्ती सुरू झाली.

ही दुरुस्ती घरी होऊ शकली, याचे श्रेय गाडीच्या घडणीला आहे. पुढे-मागे कमानपाट्यांवर बसलेले सरळ अॅक्सल, शिडीसारखी चेसिस, वर जवळजवळ सपाट पत्रा. पाटा तुटला तर लोहार तो घडवून देई, कुजलेला तळ पत्राकाम करणारा कापून नवा जोडी. सीजे-3बी या जीपचे बॉनेट उंच दिसते, कारण तिचे ‘हरिकेन’ इंजिनच उंच आहे. त्याचा हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्ये. वरचे टप्पेट हेडवरचे झाकण उघडून जुळवायचे आणि खालचे बाजूचे झाकण काढून, अंग वाकवून. ज्याने ते काम हाताने केले त्याला इंजिन आवाजावरून कळते. पुस्तक वाचून ही जाण येत नाही, आणि आज ती असलेली माणसे म्हातारी झाली आहेत.

1973 च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. अमेरिकेत आधीच विमा आणि धुराच्या नियमांनी वाकलेली मसल कार त्या धक्क्याने संपली. आपल्याकडे जीप संपली नाही, तिचे इंजिन बदलले. मालकांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसवले: कुणी पर्किन्सचे, पुढे कुणी मेटाडोरचे. इंजिन बसवायचे म्हणजे माउंटिंग नवे करायचे, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट घडवायची, रेडिएटर सरकवायचा. हे सारे कोणत्याही आराखड्याविना, गावच्या वर्कशॉपात झाले. या कामाला मी जुगाड म्हणणार नाही. ते अभियांत्रिकी होते आणि ते करणाऱ्यांची नावे कुठे लिहिली गेली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, त्यासाठी वीस हजार रुपये भरायचे, नोंदणी दहा वर्षांची. गाडी रोज चालवायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला न्यायची. इथवर ठीक. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. बनावट ‘व्हिंटेज’ रोखायला अशी अट हवीच, हे मान्य. तरी तिचा परिणाम असा, की वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली संस्थानिकाची गाडी वारसा ठरते आणि पन्नास वर्षे शेतातून, खाणीच्या वाटेवरून धावलेली, डिझेल बसवलेली जीप भंगार ठरते. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या तर 1 एप्रिल 2023 पासून मोडीतच काढायच्या आहेत.

माझ्या मते नियमात एक वाक्य वाढवले तरी पुरे. इंजिन बदलल्यावर त्याची नोंद आरसी बुकात करावी लागते आणि ती तारखेसकट आरटीओत असते. ज्या गाडीचा बदल तीस वर्षांपूर्वीचा आहे आणि बुकात नोंदलेला आहे, ती त्या बदलासह मूळ मानावी. सोबत तालुक्याच्या आयटीआयने जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे, एक जीप त्यांच्यासमोर सुटी करावी आणि काम चालू असतानाच त्याचे चित्रीकरण करावे. खर्च फार नाही. खाप्यासारख्या गावात ते मिस्त्री अजून भेटतील, पण त्यासाठी या वर्षीच जावे लागेल.