जोडायचे, ते सोडण्यासाठी

सायकल म्हणजे एकट्याने चालवायचे वाहन, असा आता आपल्याकडे पक्का समज झाला आहे. शाळेत जाणारा मुलगा, पेपर टाकणारा पोऱ्या किंवा पहाटे रंगीत हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याशी जाणारे हौशी, एवढेच सायकलस्वार आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण ज्या पुण्याने ‘सायकलींचे शहर’ म्हणून नाव मिळवले, तिथे सायकल हे अख्ख्या कुटुंबाचे वाहन होते. दांडीवर लहानसे सीट बसवून त्यावर धाकटे, मागे कॅरिअरवर आई, आणि मधे पायडल मारणारे वडील, अशी वरात सारसबागेकडे निघे. पुढे लूना आली, स्कूटर आली, मोटार आली. सायकल मुलांच्या वाट्याला उरली, आणि मग रस्त्याच्या भीतीने त्यांच्या हातूनही सुटली.

जगात इतरत्र मात्र कुटुंबाच्या सायकलीचा विचार थांबला नाही. कोपनहेगनमध्ये १९८४ साली ख्रिस्तियानिया वस्तीत पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल तयार झाली. आज त्या शहरात अशा पेटीत बसून शाळेला निघालेली पोरे पाहायला कुणी वळूनही बघत नाही. दुसरा मार्ग आहे जोडगाडीचा. आपल्या मागच्या चाकाच्या एक्सलला एक आडवा दांडा जोडायचा आणि त्यामागे दोन चाकांची छोटी गाडी ओढायची. तिच्यात दोन मुले पट्टे बांधून बसतात. सांधा सर्व बाजूंना वळणारा असतो, त्यामुळे सायकल आडवी झाली तरी मागची गाडी सहसा उभीच राहते.

मूल जरा मोठे झाले की अर्धी सायकल. तिला पुढचे चाक नसते. तिचा दांडा मोठ्यांच्या सीटखालच्या नळीला जोडतात. मूल हँडल धरते, पायडलही मारते. पण दिशा आणि ब्रेक मोठ्यांच्या हाती. तिसरी युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तिच्यात मुलाची स्वतःची पूर्ण सायकल मागे जोडतात, तिचे पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरतात. गर्दीचा रस्ता संपला, बागेचा किंवा निवांत गल्लीचा रस्ता लागला, की खटका सोडायचा आणि मूल आपले आपण पुढे.

साखर कारखान्याच्या भागातल्या वाचकांना यात नवल वाटू नये. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे धडेही त्यांना ठाऊक आहेत. वळणावर मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून जातात, म्हणून वळण मोठे घ्यावे लागते. उतारावर मागचे ओझे पुढच्याला ढकलते, म्हणून ब्रेक आधी आणि बेताने लावावा लागतो. सायकलीलाही हेच नियम. दोन मुलांच्या गाडीवर ओझ्याची मर्यादा साधारण ४५ किलोंची असते, ती पाळावी. मुख्य सांधा निसटलाच तर गाडी धरून ठेवणारा जादा पट्टा हवाच. तो नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. उंच काठीवर झेंडा लावावा, कारण मोटारवाल्याच्या नजरेला ही गाडी फार खाली पडते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला यात बसवू नये.

एवढे वाचून कुणीही विचारेल, आमच्या रस्त्यावर ही गाडी काढायची कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. हॉलंडचे उदाहरण दिले की ‘त्यांची गोष्ट वेगळी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण १९७१ साली हॉलंडमध्ये रस्त्यांवर ३ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी त्यांतलीच एक. १९७२ साली त्याने ‘बालहत्या थांबवा’ या मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांसह रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी तेलाचा भाव भडकला आणि सरकारलाही जाग आली. आजचे सायकलमार्ग त्या रागातून आले आहेत, आकाशातून पडलेले नाहीत.

आपल्याकडे कागदांची वाण नाही. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. त्याआधीही सायकलमार्ग बांधले गेले होते. मात्र अनेक ठिकाणी ते मधेच संपतात, त्यांवर गाड्या उभ्या असतात, नाही तर दुचाक्या शिरू नयेत म्हणून रोवलेले खांब सायकलवाल्यालाच अडवतात. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. कोणत्याही सायकलमार्गाची फीत कापण्याआधी संबंधित अधिकाऱ्याने मागे जोडगाडी लावून, तिच्यात २० किलो गव्हाची दोन पोती ठेवून, तो मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत न उतरता पार करावा. जिथे ती गाडी जाते, तिथे शाळकरी मूल जाईल, दूधवाला जाईल आणि सत्तरीचे आजोबाही जातील.

तोवर आईबापांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. रविवारी सकाळी सातला आपल्या वस्तीतले रस्ते बरेच मोकळे असतात. तिथून सुरुवात करता येईल. मोटारीच्या मागच्या सीटवर काच लावून बसलेल्या मुलाला चढ कळत नाही, वारा कळत नाही, बाबांना दम लागलेला कळत नाही. जोडलेल्या सायकलीवर त्याला हे सारे कळते, आणि आपल्या दोन पायांनीही गाडीला थोडा जोर लागतो, हेही कळते. मुलाला आपल्यामागे जोडून घ्यायचे ते जन्मभर ओढण्यासाठी नव्हे. एक दिवस खटका सोडता यावा म्हणून. त्या दिवशी पुढचा रस्ता त्याच्यासाठी सुरक्षित असावा, हे पाहण्याचे काम मात्र आपल्या सर्वांचे आहे.