चाल कुणाची?

गाण्याखाली 'चाल : पारंपरिक' असं छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. परंपरा काय रात्रभर पेटी घेऊन बसली होती?

आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला अशी पेटी घेऊन बसणारी माणसं आहेत. त्यातल्याच एका आण्णांच्या मागं मी टाळ धरून बसलोय. दिवसा दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणी, डिपिंग. रात्री देवळात भजन. नवा अभंग घेतला की आधी तो नुसता बोलून बघायचे. श्वास कुठं पडतोय, कुठला शब्द ताणला की अर्थ मोडतोय. मग पेटीवर बोट. म्हणायचे, "शब्द महाराजांचं, पर त्ये उभं करायचं काम आपलं हाय." एकेका अभंगापायी आठ-आठ दिवस जायचे. त्यांचीच एक चाल पुढं एका कॅसेटवर निघाली. गाणाऱ्याचं नाव होतं, वाजवणाऱ्यांचं होतं. चालीपुढं तेवढं 'पारंपरिक'.

कवीचं बरं असतं. संतांनी शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा ठेवली. आमच्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, पण लावणीत नाव गुंफून गेले. चाल लावणाऱ्यानं नाव गुंफायचं कुठं? त्याला शेवटचा चरणच नसतो.

कायद्यानंही हेच केलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं छापलेली किंवा लिहून काढलेली असेल तीच संगीतरचना. ज्याला स्वरलिपी येत नाही, ज्याची सगळी वही डोक्यात, त्याची चाल कायद्याच्या लेखी जन्मलीच नव्हती! १९९४ च्या दुरुस्तीनं ती अट गेली. आपली सवय गेली नाही.

लोक म्हणतात, "आवं, लोकसंगीत सगळ्यांचंच असतंय की!" कबूल. आरेवाडीला बिरोबाच्या बनात ढोल-कैताळ घुमतात, ओव्या होतात. त्या कैक पिढ्यांनी घासून गुळगुळीत केल्यात. तिथं पहिला गाणारा सापडायचा नाही. तिथं खुशाल पारंपरिक म्हणा. पण चाल लावणारा समोर जिवंत बसलाय, त्याचं काय? विहिरीचं पाणी सगळ्या गावानं प्यालं, म्हणून ती खांदणाऱ्याचं नाव कुणी बुजवत नाही.

१९७२ च्या 'पिंजरा'चं नाव निघालं की जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि राम कदमांचं संगीत असं आपण एका दमात म्हणतो. म्हटलंच पाहिजे. मग सिनेमातल्या चालीला बाप आणि गावातल्या चालीला नुसती परंपरा, हा कुठला न्याय?

सप्त्याच्या पत्रिकेत आपण कीर्तनकार छापतो, मृदंगमणी छापतो, पंगत देणाऱ्यांची यादी छापतो. मांडववाल्याचंही नाव सुटत नाही. त्याच पत्रिकेत एक ओळ वाढवा : चाल कुणाची. छपाईवाला त्याचे जास्तीचे पैसे घेत नाही.