स्वतःचीच नक्कल

रॉक संगीताविषयी या पानावर लिहिलेले पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत बापड्या! पण ज्या कलावंतांवर जीव जडला त्यांनीच निराश केले, तर होणारे दुःख कोणत्याही संगीतात सारखेच असते. आणि त्या दुःखाचे कारण शोधणे हे रसिकाचे कामच आहे.

बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या चौकडीची ‘थर्टीन’ ही ध्वनिमुद्रिका जून २०१३ मध्ये निघाली. गायक ऑझी ऑझबर्न, गिटारवादक टोनी आयोमी आणि बेस वाजविणारे गीझर बटलर हे तिघे १९७८ नंतर प्रथमच एका संपूर्ण नव्या मुद्रिकेसाठी एकत्र आले होते. इंग्लंडमध्ये १९७० च्या ‘पॅरानॉइड’नंतर प्रथमच, आणि अमेरिकेत तर अगदी प्रथमच, त्यांची मुद्रिका विक्रीत पहिली आली. लोक खूश झाले. मी मात्र ती ऐकून हिरमुसलो, आणि आजही ऐकतो तेव्हा हिरमुसतोच.

मुद्रिका वाईट आहे म्हणून नव्हे. आयोमींची गिटार तशीच भारदस्त आहे. ‘डॅमेज्ड सोल’मध्ये ऑझींनी वाजविलेला माउथ ऑर्गन तर मनाला चटका लावून जातो. माझी तक्रार निराळी आहे. निर्माते रिक रुबिन यांनी या मंडळींना त्यांची १९७० ची पहिली मुद्रिका ऐकवली आणि तिच्याच वाटेने जायला सांगितले. झाले! पहिले गाणे सुरू होताच त्या जुन्या मुद्रिकेचा आरंभ आठवतो, ‘झाइटगाइस्ट’ ऐकताना ‘प्लॅनेट कॅराव्हान’ आठवते, आणि शेवटी तोच पाऊस, तोच मेघगर्जनेचा आवाज, तीच घंटा. साठी ओलांडलेल्या माणसांनी आपल्या विशीचे कपडे घालून आरशासमोर उभे राहावे, तसे हे झाले.

त्यातही विशीतला एक सोबती आरशात नव्हताच. मूळचे ड्रमवादक बिल वॉर्ड कराराच्या मतभेदामुळे बाहेर राहिले आणि त्यांच्या जागी ब्रॅड विल्क बसले. विल्क यांचा हात चोख आहे. पण वॉर्ड यांचा ठेका जॅझच्या वळणाचा, झुलता. गिटारच्या जड चालीला तो आतून हलवीत असे. साथीदार बदलला की मैफल बदलते, हे आपल्या इंदूरच्या श्रोत्याला मी काय सांगावे?

कोणी म्हणेल, लोकांना जुनेच हवे होते, ते त्यांनी दिले, बिघडले कुठे? बिघडले ते असे, की या चौकडीचा मूळ स्वभावच याच्या उलट होता. आयोमी १७ वर्षांचे असताना पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. त्यांनी बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातूनच तो जड, गंभीर नाद घडत गेला. उणिवेतून त्यांनी नवे स्वर काढले. ‘थर्टीन’च्या वेळी आयोमींवर कर्करोगाचे उपचार चालू होते आणि ऑझी ६४ वर्षांचे होते. त्या थकलेल्या देहांचे, सरत्या वयाचे असे निराळे गाणे झाले असते. ते त्यांनी विशीच्या वेषाआड झाकून टाकले.

पुनरागमन कसे असावे, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाने खचलेले. एक फुफ्फुस निकामी झाले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा बालपणी थोरामोठ्यांच्या गायकीच्या हुबेहूब नकला करणारा हा गवई स्वतःच्या जुन्या गाण्याचीही नक्कल करेना. जेवढा श्वास उरला होता, तेवढ्याचेच त्याने नवे गाणे केले. काहींना ते रुचले नाही. पण ते त्याचे स्वतःचे होते.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ही चौकडी शेवटची एकत्र आली. या वेळी वॉर्डही होते. पार्किन्सनने जर्जर झालेले ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायले. गाणी चारच आणि चारही जुनी. आवाज थकलेला; पण वय कोणी झाकले नव्हते, साथीदार जागेवर होता. त्या चार गाण्यांनी मला जे दिले, ते साऱ्या ‘थर्टीन’ने दिले नव्हते. पुढे १७ दिवसांनी ऑझी गेले.

जुनी गाणी पुन्हा गाण्यात कमीपणा नाही. आपण अजून तेच आहोत, असे भासविण्यात मात्र आहे.